तांडेलमावशीचा गेटपास

आमच्या बिल्डिंगमधून जुना मिक्सर विकत न्यायचा असेल, तर आधी गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. मग येण्याची वेळ, येण्याचं कारण आणि सोबत आणलेल्या वस्तू. मग एक प्रश्न विचारला जातो. उत्तर बरोबर आलं तर मिक्सर खाली येतो. गिऱ्हाईक वर जात नाही. मिक्सर पसंत पडला की तीन प्रतींत गेटपास लिहिला जातो. पांढरी प्रत घेणाऱ्याला, गुलाबी देणाऱ्याला आणि पिवळी वहीतच. तिन्हींवर 'तपासले' असा शिक्का बसतो. शिक्का नीट उमटला नाही तर पुन्हा बसतो. तोपर्यंत गिऱ्हाईक उन्हात उभं असतं, आणि त्यापेक्षा नवाच मिक्सर घेतला असता तर बरं, हा विचार त्याच्या मनात दोनदा तरी येऊन गेलेला असतो.

हे सगळं करणारी बाई म्हणजे तळमजल्यावरची तांडेलमावशी. मूळची इथल्याच दांडी गावची, मच्छीमाराच्या घरातली. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर तिने सव्वीस वर्षं बायकांची झडती घेतली. रिटायर झाली तेव्हा कंपनीने तिला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच आठवड्यात तिथे कंप्यूटर आला आणि गेटपासची छापील पुस्तकं रद्दीत निघाली. मावशीने रीतसर अर्ज केला आणि त्यातली चार कोरी पुस्तकं, स्वतःच्या नावाचा गेटपास फाडून, घरी आणली. घड्याळ अजून खोक्यात आहे.

आमच्या गेटबद्दलही सांगायला हवं. त्याला एकच झडप आहे आणि ती लागत नाही. पूर्वेची कंपाउंडची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पडली. तिथून गाई, भंगारवाले, निवडणुकीतले उमेदवार आणि आम्ही सगळे खुशाल ये-जा करतो, त्याला मावशीची हरकत नाही. पण जुन्या वस्तूचं गिऱ्हाईक गेटमधूनच आलं पाहिजे. ते चुकून भिंतीकडून आलं तर ती त्याला त्याच वाटेने परत पाठवते, वळसा घालून गेटवर यायला सांगते आणि मग, जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखी, "कोन पायजे?" म्हणून विचारते.

गेटवर ती एका लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते. शेजारी एक व्हीलचेअर असायची, ते तिचं टेबल. सीटवर रजिस्टर, गेटपासचं पुस्तक, कार्बन पेपर आणि शिक्क्याची डबी. पाठीमागच्या मुठीला छत्री अडकवलेली, पाय ठेवायच्या पट्टीवर पाण्याची बाटली. ही व्हीलचेअर तिच्या नवऱ्याची. तांडेलकाकांना लकवा झाला होता. ते जाऊन चार वर्षं झाली. हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण इतके दिवस तिच्यावर शिक्क्याची डबी बघून बघून तिच्यात कधी माणूस बसत असे हे आमच्या डोक्यातून गेलं होतं. गिऱ्हाइकं मात्र हटकून विचारायची, "ही पण विकायची आहे का?"

"ते हापिस हाय," मावशी म्हणायची. "हापिस कोन इकतं?"

या सगळ्याची सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या जाधवांपासून झाली. जाधवांनी आपला जुना मोबाइल विकायला ॲपवर टाकला. एक छान बोलणारा, पांढरा शर्ट घातलेला माणूस घरी आला, सोफ्यावर बसला, मोबाइल उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "खाली गाडीत माझा भाऊ बसलाय, त्याला दाखवून येतो. तोवर चहा टाका." जाधव हे कंपनीत सुपरवायझर, पन्नास माणसं हाताखाली. त्यांनी चहा टाकला. चहा निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. संध्याकाळी मिसेस जाधवांनी तो स्वतःच पिऊन टाकला तेव्हा कुठे जाधवांची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी मावशीने व्हीलचेअर ढकलत गेटपर्यंत नेली, तिच्यावर रजिस्टर मांडलं आणि बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सोसायटीचा ठराव वगैरे काही झाला नव्हता.

पहिला बळी मी. मी इथे शाळेत शिक्षिका आहे. आम्ही मूळचे कराडकडचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे बोईसरला आलो. पंचवीस वर्षं हजेरी घेतलेली असल्यामुळे शिस्तीबद्दल मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं. मी आमचं वॉशिंग मशीन विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक उमरोळीहून येणार होतं. मावशी म्हणाली, "मशीन खाली आन."

"मावशी, तिसऱ्या मजल्यावरून? ते वर येऊन बघतील की."

"मानूस वर नाय, वस्तू खाली. वर तुजा कपाट हाय, दागिना हाय, तू येकटी हायस. खाली मी हाय."

शेवटी नवरा, जाधव आणि पहिल्या मजल्यावरचे दोन कंत्राटी कामगार अशा चौघांनी ते मशीन खाली आणलं. उमरोळीच्या गृहस्थांनी ते बघितलं, झाकण उघडलं, लावलं आणि "रंग फोटोत वेगळा वाटला" म्हणून निघून गेले. मशीन परत वर गेलं. त्या महिन्यात ते चार वेळा खाली आलं. चौथ्यांदा जे विकलं गेलं, त्याचं मुख्य कारण ते परत वर न्यायला कुणी तयार नव्हतं. त्याच्या गेटपासवर नंबर होता दोन. एक नंबरचं काय झालं ते मी विचारलं नाही. नव्या वहीचं पहिलं पान बिघडतंच, हा माझा शाळेतला अनुभव.

प्रत्येक पासावर खाली दोन चौकोन छापलेले असतात, 'परत येणार' आणि 'परत येणार नाही'. कंपनीत मोटर नाहीतर पंप दुरुस्तीला बाहेर गेला तर पहिल्या चौकोनात खूण होते, मुदत लिहिली जाते, आणि वस्तू त्या दिवशी परत आली नाही तर गेटवरून फोन जातो. भंगार गेलं तर दुसऱ्या चौकोनात. आमच्या सगळ्या वस्तूंना मावशी लाल पेनाने दुसऱ्याच चौकोनात खूण करते. करताना मोठ्याने म्हणतेही, "परत येनार नाय. ऐकलास ना?" माझ्या वॉशिंग मशीनच्या वेळी हे वाक्य ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

भेटीची वेळ ठरलेली, दुपारी तीन. तीनला फर्स्ट शिफ्ट सुटते, कंपन्यांच्या बसेस तारापूर रोडवरून रांगेने निघतात आणि आमच्या गेटसमोर चालायला जागा राहत नाही. कुणी म्हणालं, "मावशी, संध्याकाळी सातला येतो, गर्दी नसते," तर ती म्हणते, "गर्दी नसते म्हनूनच नको."

लहान वस्तूंसाठी तिची वेगळी जागा आहे. मोबाइल, घड्याळ, कॅमेरा अशा खिशात मावणाऱ्या गोष्टी तिच्या मते बिल्डिंगच्या आसपासही दाखवू नयेत, कारण माणसाला घर कळतं. त्यासाठी तिने मासळी बाजार ठरवला आहे. तिथे तिची वहिनी पापलेट घेऊन बसते आणि वहिनीच्या दोन्ही बाजूंना मिळून आणखी पाच बायका बसतात. सहाही जणींच्या हातात कोयता असतो. जाधवांच्या मुलीचा मोबाइल तिथेच विकला गेला. घेणारा पोरगा कुठल्याशा कारखान्यात नवीन लागलेला. तो मोबाइल तपासत होता तोवर सहा जणी मिळून त्याला तपासत होत्या. गाव कुठलं, खोली कुठे, जेवण कोण करतं, लग्न ठरलंय का. तो खरं बोलला असावा, कारण जाताना त्याच्याकडे मोबाइलबरोबर मांदेलीचे दोन वाटे होते आणि मांदेली साफ कशी करायची ते त्याला तोंडपाठ झालं होतं.

आता तो गेटवरचा प्रश्न. ॲपवर टाकलेल्या फोटोत मावशी मुद्दाम काहीतरी ठेवायला लावते. मिक्सरच्या शेजारी लिंबू, पंख्यामागे लाल बादली. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "फोटोत मिक्सरच्या बाजूला काय व्हतं?" ज्याने खरोखर फोटो बघून फोन केला तो लगेच सांगतो. दुसऱ्याच्या नावावर आलेला गडबडतो. मला हे पोरकट वाटायचं. पण एकदा पंखा न्यायला आलेल्या माणसाला बादली काही सांगता आली नाही, आणि तेवढ्यात खरं गिऱ्हाईकही येऊन पोचलं. पहिला माणूस कोण होता आणि त्याला आमचा पत्ता कसा मिळाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो भिंतीकडून गेला.

झडतीची सवयही तिची सुटलेली नाही. पुरुषांना ती हात लावत नाही, पण एकदा एक बाई कुकर न्यायला आली, तर बोलता बोलता मावशीचे हात तिच्या कमरेवरून आणि पाठीवरून फिरून गेले आणि पिशवीतला डबा उघडून बघून झाला. मी वरून बघत होते. शरमेने मला काय करू नि काय नको असं झालं. पण त्या बाईने तक्रार तर केली नाहीच, मावशी जवळ येताच आपणहून दोन्ही हात वर केले होते. तीही एमआयडीसीतच कामाला होती. सगळं उरकल्यावर दोघी कुठल्या कंपनीत चहा चांगला मिळतो यावर अर्धा तास बोलल्या.

आणि फौजी. आमचा डायनिंग टेबल विकायला होता तेव्हा, मी गेटवर असताना, एकाचा फोन आला. मी सैन्यात आहे, माझी ड्यूटी लांब लागली आहे, टेबल न बघताच घेतो, पैसे आत्ताच पाठवतो, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. मी करणारच होते. देशासाठी एवढं तर करायलाच हवं असं मला वाटत होतं. मावशीने फोन माझ्या हातातून घेतला.

"भाईसाब, पैसा तुम देता है ना? फिर पिन मैं कायको डालूँ?" त्याने समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वैसा कुछ नहीं. गेट पे आव. तीन बजे." त्याने फोन ठेवला. तिने रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि शेरा मारला, 'आला नाही'. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिने त्यालाच फोन लावला आणि, "भाईसाब, तुम्हारा सही बाकी है," असं कळवलं. असे तिने त्याला आठवडाभर फोन केले. शेवटी त्याने नंबर बदलला. माझ्यासमोर मावशी मला कधी वेडी म्हणाली नाही, पण त्यानंतर महिनाभर ती मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची.

मी एकदा तिला चुकवूनही बघितलं. एक जुना कॅमेरा होता, म्हटलं पालघरला काम आहेच, तिथे एसटी स्टँडवर देऊन टाकू. घेणाऱ्याने आधी स्टँडसमोर बोलावलं. मग फोन आला की मागच्या बाजूला या. मागे गेले तर म्हणाला, तिथून पुढे एक गल्ली आहे, तिच्या टोकाला उभा आहे. गल्लीच्या तोंडाशी माझे पाय आपोआप थांबले आणि मी सरळ रिक्षा करून स्टेशन गाठलं. घरी आले तर मावशी गेटवर.

"जागा कितींदा बदल्ली?" तिने विचारलं. मी काही बोलले नव्हते. माझं तोंड बघूनच तिला कळलं असावं.

"दोनदा."

"येकदा बदल्ली तं मानूस हाय, चुकतो. दोनदा बदल्ली तं घरी यायचा." मग तिने माझ्यापुढे रजिस्टर धरलं. शेऱ्याच्या रकान्यात 'पास न घेता कॅमेरा बाहेर' असं लिहून ठेवलेलं होतं. मी मुकाट्याने सही केली. वर्गात मी ज्या पोरांना उभं करते त्यांना काय वाटत असेल ते त्या दिवशी मला नीट समजलं.

तर अशी ही बाई. ती बोलते फार, पण स्वतःबद्दल नाही. आम्हाला वाटायचं, रिटायर झाली, वेळ जात नाही, म्हणून हे खूळ. मीही शाळेत हाच किस्सा रंगवून सांगायचे आणि सगळे हसायचे.

मागच्या डिसेंबरात मी सासूबाईंचा वॉकर विकायला काढला. सासूबाई आता काठीवर छान चालतात आणि वॉकर बघितला की त्यांना राग येतो. फोटोत वॉकरशेजारी, नियमाप्रमाणे, पितळी तांब्या ठेवला. रविवारी तीनला माकुणसारहून एक गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, इस्त्री केलेला शर्ट, पायात पावसाळी चपला. गावातला भाजीचा टेंपो बोईसरला आला होता, त्यातून ते आले होते. टेंपो रस्त्यापलीकडे उभा होता आणि ड्रायव्हरला निघायची घाई होती. नाव किणी.

मावशीने रजिस्टरमध्ये नोंद करून घेतली. "फोटोत वॉकरच्या बाजूला काय व्हतं?"

"फोटो आमच्या पुतनीनं बघला," किणीकाका म्हणाले. "मला मोबाइलमधला दिसत नाय नीट."

मी त्यांना खिडकीतून बघून वॉकर घेऊन खाली आलेच होते. म्हटलं, झालं, आता हे परत जाणार. पण मावशीने प्रश्न सोडून दिला.

"कोनासाटी?"

"बायकोसाटी."

"उंची?"

किणीकाकांनी शेजारी बघितलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी हात आपल्या खांद्याजवळ नेला, किंचित खाली घेतला आणि म्हणाले, "इतवर येते."

मावशीने वॉकरच्या पायांची बटणं दाबून तो त्या उंचीला बसवला. हे तिला कसं येतं याचं मला तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही. मग ती म्हणाली, "उबी रेते का?"

"आता नाय रेत. वॉकर भेटला तं रेल."

"अंग कुठला गेला, उजवा का डावा?"

"उजवा."

"कवा?"

"गनपती झालं आनि मंग."

"मंग दादा, ह्याला दोनी हातांनी धरायचा असतो. उजव्या हातानी ती धरनार कशी?"

किणीकाकांनी वॉकरच्या उजव्या मुठीवर आपला हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"पास भेटनार नाय," मावशी म्हणाली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. वॉकर माझा, जाहिरात माझी, गिऱ्हाईक एवढ्या लांबून आलेलं, आणि ही कोण नाही म्हणणार? मी म्हटलं, "मावशी, त्यांना हवाय ना? नेऊ दे की. फुकटसुद्धा देते मी."

"फुकट दे नायतर कसा बी दे. ती पडंल." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला रिकामी हातानी नका पाटवू," किणीकाका म्हणाले. "तिला सांगून आलोय. अडीच महिनं झालं, खाटंवर हाय. वाडीत केळीला पानी सोडला का तिला आवाज येते, मंग इचारते, कुठला पाट सोडला? घरातनं बघता येत नाय तिला. वॉकर आनतो, मंग बघ, असा सांगून आलोय मी."

रस्त्यापलीकडून टेंपोचा हॉर्न वाजला. मावशी उठली. तिने व्हीलचेअरच्या मुठीवरची छत्री काढली आणि जमिनीवर ठेवली. पाण्याची बाटली काढली. रजिस्टर आपल्या खुर्चीवर ठेवलं, शिक्क्याची डबी त्यावर. गेटपासचं पुस्तक आणि लाल पेन माझ्या हातात दिलं.

"तू लिव. मी हिला जरा पुसते."

चार वर्षांत तिने ते पुस्तक कुणाच्या हाती दिलं नव्हतं. मी कोरं पान काढलं. "काय लिहू? परत येणार नाही?"

"परत येनार," ती म्हणाली. पदराच्या टोकाने ती सीटवरची शाई घासत होती. माझ्याकडे तिची पाठ होती.

"ते कसं भरायचं मला माहीत नाही, मावशी."

"पयला पान बग. तसाच लिव."

मी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. बिघडलेलं काही नव्हतं. पास नंबर एक, पिवळी प्रत, मावशीचं ठसठशीत अक्षर. वस्तूचं वर्णन: एक, व्हीलचेअर. दोन, शांताराम तांडेल. नग दोन. कुठे: पालघर, दवाखाना. कारण: दुरुस्ती. 'परत येणार' या चौकोनात लाल खूण. मुदत: सोमवार. त्याखाली, वस्तू परत आल्याची नोंद करायची जागा. तिथे लिहिलं होतं, 'एक, आली.' त्याच्या खालच्या ओळीवर 'दोन' एवढंच होतं, आणि पुढे काही नव्हतं.

चार वर्षं मी या पुस्तकावर विनोद केले होते. मी वर बघितलं तर मावशी व्हीलचेअरचा ब्रेक घट्ट लागतो का ते बघत होती.

"त्याला हसवायला लिवलेला," ती म्हणाली. "घाबरला व्हता. म्हनला, रमा, मी काय आता परत येत नाय. म्हटला, थांब, कसा येत नाय तू. पास फाडून त्याच्या खिशात घातला. गेटवर हसला बी. ॲम्ब्युलन्सवाल्याला काडून दाखवत व्हता." तिने ब्रेक सोडला आणि पुन्हा लावला. "मंग सोमवारी खुर्ची आली."

किणीकाका हे सगळं ऐकत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"लिव," मावशी म्हणाली. "येक, व्हीलचेअर. दोन." ती त्यांच्याकडे वळली. "दादा, बायकोचा नाव काय?"

"सुमन."

"दोन, सुमन किनी. नग दोन."

"बाय," किणीकाका अवघडून म्हणाले, "सुमन तं घरी हाय. ती इतनं कुठं चाललीय?"

"माज्या खुर्चीत बसनार ना? मंग ती माज्याच गेटातनं गेली."

मी लिहिलं. "कारण?" मी विचारलं.

"दुरुस्ती."

"मुदत?"

मुदतीचा रकाना मावशीने कंपनीत कधी कोरा सोडला नसेल. ती व्हीलचेअरची मूठ धरून उभी होती. बसेस जाऊन रस्ता बराच मोकळा झाला होता.

"लिव, घाई नाय."

मी मुदतीच्या रकान्यात 'घाई नाही' असं लिहिलं. किणीकाकांनी सही केली. मावशीने शिक्का मारला. तो अर्धवट उमटला, नुसतं 'तपा'. तिने पुन्हा मारला नाही. पांढरी प्रत फाडून तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. मग ब्रेक कसा लावायचा, उतारावर खुर्ची उलटी कशी धरायची, सीटखाली उशी कशी सरकवायची, हे तिने त्यांना दोनदा समजावलं. ते ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते.

"किती द्यायचं, बाय?" त्यांनी विचारलं.

"इकली नाय ती. परत आनायची हाय."

टेंपोच्या ड्रायव्हरने येऊन खुर्ची मिटली आणि भाजीच्या रिकाम्या क्रेट्समध्ये उभी ठेवली. किणीकाका त्याच्या मागोमाग गेटबाहेर पडले. ते रस्ता ओलांडणार तेवढ्यात मावशीने हाक मारली. सव्वीस वर्षं गेटवर ज्या आवाजात तिने बायकांना थांबवलं असेल, त्याच आवाजात.

"ओ दादा! निस्ती खुर्ची घेऊन आलास तं मी आत घेनार नाय."

किणीकाका थांबले. त्यांनी खिशावर हात ठेवला, पास आहे ना ते चाचपलं, आणि रस्त्याच्या कडेवरूनच ओरडून म्हणाले, "दोगं येव, बाय. दोगं येव."